एक थाप म्हणजे थांब

काळी-पिवळी जीप चालवणाऱ्याचा एक कान कायम मागच्या पत्र्याला लागलेला असतो. जालना ते टेंभुर्णी या लाईनवर मी बावीस वर्षं काढली. आठ माणसांच्या गाडीत अठरा बसवायचो. माझ्या उजव्या हाताला, म्हणजे ड्रायव्हरच्याही पलीकडे, एक सीट असायचं, सीट हा आमचा पॅसेंजरला शब्द, आणि मी गिअरच्या दांड्याशी झटत अर्ध्या बुडावर बसून गाडी हाकायचो. आरशात मागचा रस्ता कधी दिसला नाही. कुणाची टोपी दिसायची, कुणाचं गाठोडं दिसायचं. म्हणून सगळा कारभार थापेवर. पत्र्यावर एक थाप म्हणजे थांब. दोन थापा म्हणजे चल.

थापेवरून मला माणूस कळायचा. माहेरी निघालेली बाई गावाची शीव यायच्या आधीच थाप मारायची, आणि सासरी निघालेली गाव मागं पडल्यावर. निवडणुकीत पडलेला माणूस मूठ आपटायचा. एक मास्तर होते, ते बोटाच्या पेरांनी टकटक करायचे, मी मुद्दाम ऐकू न आल्यासारखं करून त्यांना ओढ्यापर्यंत न्यायचो. एवढा एक खोडसाळपणा सोडला तर थाप पडली आणि मी थांबलो नाही, असं बावीस वर्षांत झालं नाही. पाय आपोआप ब्रेकवर जायचा. झोपेतसुद्धा कुणी दार वाजवलं की माझा उजवा पाय हलायचा आणि बायको हसायची.

मग घरोघरी मोटारसायकल आली आणि लाईन बसली. जीप भंगारात घातली. जालन्यात भंगाराला मरण नाही, लोखंडाच्या भट्ट्या काहीही गिळतात. वर्षभर घरी बसून बायकोला कंटाळा आणला, तेव्हा कुणीतरी सांगितलं की रस्त्यालगत नवीन पार्क झालाय, तिथल्या सफारीवर ड्रायव्हर पाहिजे. आमच्या भागात वाघ नाही, जंगल नाही, उन्हाळ्यात धड सावलीसुद्धा नाही. म्हणूनच कुण्या शेठच्या डोक्यात आलं असेल की इथं जंगल विकलं जाईल. माणूस हुशार, कारण ते विकलं जातं.

पार्कखालची ती जमीन माझ्या सासऱ्यांची. ते गेल्यावर मेहुण्यांनी विकली. बायकोनं हक्कसोडावर सही आधीच केली होती. आमच्याकडे बहिणी ती करतात आणि साडी-चोळी घेऊन परत येतात. तिला त्या जमिनीतलं काही नको होतं. फक्त हात-दीड हात जागा तिच्या डोक्यात होती, आणि ती जागा कुठल्या सातबाऱ्यावर नव्हती.

आमचं पहिलं मूल तिथं आहे. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणं माहेरी झालं. मुलगा होता. तिसऱ्या दिवशी गेला. पाचवी पुजायची होती, बारसं तर लांबच, त्यामुळं त्याला नावसुद्धा नाही. एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत. सासरे आणि मी त्याला घेऊन शेतात गेलो. ज्वारी हुरड्यात होती. विहिरीच्या वरच्या अंगाला एक लिंब होता, त्याच्या बुडाशी सासऱ्यांनी खड्डा घेतला आणि मी मीठ घातलं. निघताना ते म्हणाले, "मागं वळून बघायचं न्हाई, जावईबापू. सरळ चाला." रीतच आहे ती. मी सरळ चाललो. कितव्या पावलावर काय होतं ते बघितलं नाही, कारण तिकडं पाठच करायची होती.

बायको ओली बाळंतीण, तिला कोण नेणार? तिला सांगितलं, लिंबाखाली. पुढच्या वेळी दिवस होते म्हणून तिला जाऊ दिलं नाही. मुलगी झाली, ती अंगावर पीत होती म्हणून जाऊ दिलं नाही. नंतर तिनं विचारायचं सोडलं. माहेरी गेली की लांबच्या बांधावर उभी राहून त्या लिंबाकडे बघायची आणि परत यायची. तिची आई हाक मारायची, तोवर तिथंच असायची.

मी सफारीवर लागलो तेव्हा तिथं लिंब नव्हता, विहीर नव्हती, बांधही नव्हते. जेसीबीनं सगळं सपाट केलं होतं आणि मग सपाट बरं दिसत नाही म्हणून पुन्हा टेकड्या केल्या होत्या. पहिल्या आठवड्यात मी रस्त्यावरचा विजेचा खांब आणि पलीकडचा माळ यांचा अंदाज धरून जागा काढायचा प्रयत्न केला. कधी ती पाणघोड्याच्या तळ्यात निघायची, कधी जिराफांच्या पायाशी, एकदा तर संडासाच्या मागं निघाली. त्या दिवशी मी हा नाद सोडला. आमचं मूल कुठं आहे हे मला माहीत नाही, आणि हे मी बायकोला सांगितलं नाही. रोज चौदा वेळा तिथून गाडी नेणाऱ्या माणसाला ते माहीत नसेल, असं तिच्या मनातही आलं नाही.

आता गाडीचं सांगतो. एका जुन्या मिनी ट्रकचा टप कापून त्याला बाकडी लावलेली, बाजूंना कमरेएवढा पत्रा, त्यावर झेब्र्याचे पट्टे. मला खाकी कपडे आणि तोंडासमोर माईक. फेरी बारा मिनिटांची. गेटातून आत गेलं की आधी जिराफ, मग पाणघोड्याचं तळं, मग मगर, मग एका बाजूला कलणारा लाकडी पूल, शेवटी अंधारी गुहा आणि तिच्यात सिंह. पुलावर मी माईकमध्ये ओरडायचं, "ब्रेक फेल!" बावीस वर्षांत हे दोन शब्द मी तोंडातून काढले नव्हते, कुठलाच ड्रायव्हर काढत नाही. पहिल्या दिवशी ओरडलो आणि गुपचूप स्टेअरिंगला हात लावून कपाळाला लावला. लोक मात्र खूष. ज्यांच्या गाडीचे ब्रेक कधी खरंच गेले नाहीत त्यांना ते फार आवडतं.

ही जनावरं फायबरची, पण नेमानं वागणारी. रस्त्यात आडव्या रबरी नळ्या आहेत. चाक नळीवरून गेलं की जनावर जागं होतं, मोजून इतक्या सेकंदांनी उठतं आणि मोजून इतक्या सेकंदांनी पुन्हा बसतं. गाडी थांबली नाही तर सगळं बराबर जमतं. आणि मी थांबायचो. पाणघोडा आ करून उठला की बाकड्यांवरची माणसं घाबरून, हसून पत्र्यावर थाप मारायची, आणि थाप पडली की माझा पाय ब्रेकवर. एकदा गाडी अशी थांबली की पाणघोड्याची सगळी पिचकारी एका सासूबाईंच्या अंबाड्यावर रिकामी झाली. सून बिचारी तोंडात पदर कोंबून बसली होती. लोकांना वाटलं, हे तिकिटातच आहे. सासूबाईंना तसं वाटलं नाही.

मॅनेजरनं मला बोलावलं. माणूस वयानं लहान, पण वागायला बरा. "काका," तो म्हणाला, "ही काळी-पिवळी न्हाई. लोक मजा म्हणून ठोकतेत. इथं कुणाला उतरायचं नसतंय. तुम्ही असं करून राह्यले तर मला दुसरा ड्रायव्हर पाहावा लागंन."

म्हणून मी थाप विसरायला शिकलो. शिकवलं बायकोनं. सुट्टीच्या दिवशी दुपारी मी खुर्चीवर बसायचो, समोर वीट ठेवायचो, ती वीट म्हणजे ब्रेक. बायको मागं धान्याच्या पत्र्याच्या कोठीजवळ उभी राहायची आणि मनाला येईल तेव्हा थाप मारायची. माझा पाय विटेवर गेला की म्हणायची, "गेले! नौकरी गेली!" आणि पोट धरून हसायची. कधी बोलता बोलता मारायची, कधी मी पाणी पिताना. महिनाभर हा खेळ चालला. मग एक दिवस तिनं पाच-सहा थापा मारल्या आणि माझा पाय जागचा हलला नाही. "बिलकुल दगड झाला," ती म्हणाली. मला फार मोठं काही जमल्यासारखं वाटलं होतं. मी तिला त्या दिवशी जिलबी आणली.

त्याच संध्याकाळी तिनं विचारलं, "तुमची गाडी विहिरीपासून जाती का?"

मी म्हणालो, विहीर बुजवली.

"बुजवली तरी जागा तर हाय ना. मला एकदा बसवा. तुम्ही तिथं थांबा जरासं. मी उतरून मातीला हात लावते अन् लगेच बसते. दुसरं काही न्हाई करत."

तिथं पायी जाता येत नाही, सफारीच्या रस्त्यावर गाडीशिवाय कुणाला सोडत नाहीत. मॅनेजरला खरं सांगून परवानगी काढावी, तर तिथं मूल पुरलंय असं एका माणसाला कळलं असतं तरी दुसऱ्या दिवशी गाडीत एक सीट बसलं नसतं. हे दोन्ही मी तिला सांगितलं. तिसरं सांगितलं नाही. तिसरं सांगायची तीच वेळ होती, हे मला आता कळतं. तेव्हा म्हणालो, "बघू. गर्दी कमी झाल्यावर नेतो."

"तुम्हाला जागा म्हाईतच हाय," ती म्हणाली. "मला फक्त हात लावायचा."

"बघू"वर मी आठ महिने काढले. ती महिन्यातून एकदा विचारायची, घाई नसल्यासारखं. एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "तो आता तेवीस वर्षांचा असता." तेव्हा मी ठरवलं की न्यायचं. पूल ओलांडल्यावर एक मोकळं, सपाट मातीचं मैदान लागतं, तिथं एकही जनावर नाही. तिथं गाडी बंद पडल्याचं सोंग करायचं, बॉनेट उघडायचं आणि तिला म्हणायचं, इथं. माती तर तिच्याच बापाची होती. एवढं खोटं देव चालवून घेईल, असा माझा हिशेब.

एका मंगळवारी सकाळच्या शेवटच्या फेरीला तिला आणलं. तिनं ठेवणीतली साडी नेसली होती. गाडीत धावडा गावाकडचं एक नवं जोडपं होतं आणि त्यांच्याबरोबर निम्मी वरात. बायको सगळ्यात मागच्या बाकड्यावर कडेला बसली, पत्र्याला धरून. निघताना मी तिला हळूच म्हणालो, "मी थांबतो बराबर. तू बसून राहा."

जिराफ गेले. पाणघोडा उठला, करवल्या किंचाळल्या, पत्र्यावर धडाधड थापा पडल्या. माझा पाय शांत. मगरीच्या तळ्याशी वळण आहे, तिथं मी गिअर बदलला आणि नळीवरून चाक गेलं. मगर उसळली. सगळे एका बाजूला झुकले, ओरडले. त्या गलक्यात मागून एक थाप आली.

एकच. उघड्या तळव्याची, ठाम. ती मी ओळखली. महिनाभर पत्र्याच्या कोठीवर ऐकलेली थाप मी ओळखणार नाही तर कोण? ज्याला उतरायचंय त्याचीच थाप अशी असते, हेही मला कळलं. आणि माझा पाय हलला नाही. मी ठरवलं नव्हतं, थांबायचं नाही म्हणून. पाय फक्त हलला नाही. गाडी वळणावरून निघून गेली.

पूल कलला. "ब्रेक फेल!" मी माईकमध्ये ओरडलो, पगार त्याचाच होता. मैदान आलं. आता थांबायचं म्हणून मी आरशात बघितलं. सगळी माणसं पुढं बघत होती आणि माझी बायको बाकड्यावर पूर्ण मागं वळून, मगरीच्या वळणाकडे बघत होती. तिचे हात जोडलेले होते. तिला तिची जागा सापडली होती. मग या मैदानात थांबून मी तिला काय दाखवणार होतो? मी गाडी गुहेत घातली. सिंहानं त्याचं काम केलं.

ती सगळ्यांच्या मागून उतरली. जेवणाच्या सुट्टीत आम्ही तिकीट खिडकीच्या मागं, पत्र्याच्या शेडमध्ये बसलो. तिनं डबा मांडीवर घेतला होता, उघडला नव्हता.

"खोड हाय अजून," ती म्हणाली.

"कुठलं?"

"लिंबाचं. त्या मगरीपाशी. वरून तोडलंय, पण बुड तसंच हाय. इतके वर्षं मी बांधावरून पाह्यला न्हाई का? एका अंगाला त्याला फुगा व्हता असा. तो बी हाय."

तिचे डोळे रडून लाल झाले होते आणि चेहरा मात्र मोकळा. इतका मोकळा की मला बघवेना.

ते खोड सिमेंटचं आहे. मी कामाला लागलो त्याच महिन्यात माझ्यासमोर केलेलं. मगरीचा पंप उघडा दिसत होता, तो झाकायला दोन गवंड्यांनी कोंबड्यांच्या जाळीवर सिमेंट थापलं. एका बाजूला फुगा आहे, कारण आत स्टार्टरची पेटी मावत नव्हती. रंग देताना साल खरी वाटावी म्हणून स्पंज दाबत होते, तेव्हा रंगाचा डबा मीच धरला होता. गवंडी मला म्हणाला होता, "सांगा, कशाचं झाड वाटून राह्यलं?" आणि मी म्हणालो होतो, बाभूळ.

"तेच ना?" बायकोनं विचारलं.

मी पाण्याची बाटली तिच्याकडे सरकवली.

"सांगा ना. तुम्हाला म्हाईत हाय. थापा मारू नका मला. तिथंच ना?"

नाही म्हणालो असतो तर तिनं विचारलं असतं, मग कुठं? त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तेवीस वर्षं ती समजून होती की आपल्या दोघांपैकी निदान एकाला तरी माहीत आहे. तेवढं तरी तिच्याकडे राहू द्यावं असं मला वाटलं. खरं सांगायचं तर भीतीही वाटली. हा बाप आणि याला आपल्या पोराची जागा माहीत नाही, असं तिनं माझ्याकडे बघितलेलं मला सोसलं नसतं.

"तिथंच," मी म्हणालो. "बराबर तिथंच."

तिनं मान डोलावली. डबा उघडला, भाकरी मोडून माझ्या हातात दिली, वर मेथीची भाजी घातली. स्वतः एक घास घेतला. तो चावता चावता ती थांबली.

"मंग थांबले का न्हाई?"

मी घास परत डब्याच्या झाकणावर ठेवला.

"मी थाप मारली व्हती," ती म्हणाली. "एकच मारली व्हती."

ऐकू आली नाही, असं म्हणता आलं असतं. गलका होता, मगर होती. पण दुसरं खोटं तोंडातून निघेना, सगळा जोर पहिल्यातच गेला होता.

"ऐकली," मी म्हणालो.

"ऐकली अन् थांबले न्हाई?"

"पाय हलला न्हाई."

"तुम्हाला म्हाईत व्हतं, तो तिथं हाय म्हणून. मी थाप बी मारली." ती चिडली नव्हती. चिडली असती तर मी काहीतरी बोललो असतो. ती नुसतं समजून घेत होती, हिशेब न जुळणाऱ्या माणसासारखी. "अनोळखी सीटसाठी बी थांबायचे तुम्ही."

तिला वाटलं, मला जागा माहीत होती आणि मी पोराच्या अंगावरून गाडी पुढं नेली. आणि तसं तिला वाटणं भागच होतं, मीच तर तसं सांगितलं होतं. मी म्हणालो, पुन्हा चल, उद्या चल, उद्या थांबतो, मॅनेजर गेला खड्ड्यात. ती म्हणाली, "नको." काळी-पिवळीत थांबा चुकला की माणूस चार शिव्या घालतं आणि खाली उतरून मागं चालत जातं. तिला उतरायलाही जागा नव्हती. आता खरं सांगावं, सगळंच सांगावं, असं माझ्या मनात आलं. मग तिच्याकडे बघितलं. खरं सांगितलं असतं तर ते खोडही तिच्याकडून गेलं असतं. दुपारची पहिली फेरी लागली आणि मी उठलो. माझ्याइतका नालायक माणूस त्या दिवशी जालना जिल्ह्यात दुसरा नसेल. तरी मी पुलावर बराबर ओरडलो.

संध्याकाळी घरी आलो तर मुलीचा फोन आला होता. मुलगी लग्न होऊन लांब असते, तिला भावाचं सगळं माहीत आहे. बायको ओट्याशी उभी राहून बोलत होती आणि मी आतल्या खोलीत खाकी शर्टाची बटणं सोडत होतो. तिचा आवाज मऊ होता, मुलीशी बोलताना असतो तसा.

"दिसलं गं," ती सांगत होती. "लिंबाचं खोड हाय अजून तिथं. पाणी बी हाय बाजूला. चांगली जागा हाय."

पलीकडून मुलीनं काहीतरी विचारलं असणार.

"न्हाई," ती म्हणाली. "उतरले न्हाई. तुझे पप्पा थांबलेच न्हाई."